कळतं सगळं, तरी पाय कॅफेकडेच का वळतात?

पत्र फोंड्याहून आलंय. नाव देत नाही, आणि थोडं कापून छापतेय.

"ताई, मी 39 वर्षांची. नोकरी पणजीला पाटोवर, रोज कदंबाच्या बसने जाऊन-येऊन. गेल्या महिन्यात चेकअपमध्ये एचबीएवनसी 6.1 आलं. डॉक्टर म्हणाले, डायबिटीस नाही पण उंबरठ्यावर आहात, वजन थोडं उतरवा, चाला, वेळेवर झोपा. माझ्या आईला शुगर होती, शेवटची वर्षं तिच्या पायाची जखम भरायची नाही ते मी बघितलंय, त्यामुळे मला कळत नाही असं नाही. पण दुपारी एकला डबा खाल्ला की थेट संध्याकाळ, आणि फोंड्याला स्टँडवर उतरले की पाय कॅफेकडे वळतातच. भजीपाव नाहीतर मिरची भजी, वर गोड चहा. घरी येऊन सासूबाईंबरोबर परत चहा-बिस्किट. रात्री सगळं आवरून साडेदहाला आडवी होते आणि मोबाईल घेते, दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो, पण रील्स बघता बघता साडेबारा-एक कधी वाजतो कळत नाही. मग सकाळी चालायला जायचं राहतं. चतुर्थी झाली की करू, दिवाळी झाली की करू, सोमवारपासून करू असंच चाललंय. तीन-चार दिवस नीट जातात, एक दिवस मोडलं की सगळंच सुटतं. मिस्टर म्हणतात तुला विल पॉवरच नाही. मला स्वतःचीच चीड येते. खरंच मी मनाने इतकी कमकुवत आहे का?"

अगं, तू ताई म्हटलंस म्हणून मी पण अगंतुगंच करते, चालेल ना.

आधी त्या आकड्याबद्दल बोलू, कारण तो तुझ्या डोक्यात घर करून बसलाय असं दिसतं. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. 5.7 ते 6.4 ही मधली जागा, 6.5 आणि वर गेलं की डायबिटीस. तू मधे आहेस. आणि एकटी नाहीस, 2023 मध्ये आयसीएमआरच्या (म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीचे आकडे आले त्यात डायबिटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, 26.4 टक्के, देशाचं होतं 11.4. म्हणजे तुझ्या बसमधले, तुझ्या वाड्यावरचे कितीतरी जण याच वाटेवर आहेत, फक्त त्यांनी अजून तपासलेलं नसेल. तू तपासलंस हे फार चांगलं झालं. कारण इथून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या 531 भारतीय माणसांना साधारण अडीच वर्षं बघितलं, 2006 मध्ये ते छापून आलं, आणि ज्यांनी फक्त चालणं आणि खाणं सुधारलं त्यांच्यात डायबिटीस होण्याचं प्रमाण जवळजवळ 28 टक्क्यांनी कमी निघालं. गोळी न घेता. त्यामुळे आईचं जे झालं ते तुझंही होणारच असं धरून चालू नकोस.

आता विल पॉवर. यावर मला जरा जोरात बोलायचंय कारण हा शब्द ऐकून ऐकून कितीतरी बायका (पुरुषही) स्वतःला नालायक समजायला लागतात.

मला सांग, श्रावण पाळता ना घरी? आपल्या गोव्यात रोज नुस्तं लागणारी माणसं श्रावण लागला की मासे बंद म्हणजे बंद, ते थेट चतुर्थी होईपर्यंत. कोणी म्हणत नाही की माझ्यात विल पॉवर नाही म्हणून मला जमत नाही. का जमतं? घरात मासे येतच नाहीत, सगळ्यांनी मिळून सोडलेले असतात, कधी सुरू कधी संपणार ते माहीत असतं, आणि आज खायचं की नाही हा प्रश्न रोज स्वतःला विचारावा लागत नाही. तूच ती बाई ना, जी महिनाभर नुस्त्याशिवाय राहते? मग तीच बाई सहा वाजता स्टँडवर एकदम कमकुवत कशी होईल? फरक तुझ्या मनात नाहीये, फरक त्या जागेत आणि त्या वेळेत आहे.

यावर एक प्रयोग आहे तो मला फार आवडतो. अमेरिकेत डेव्हिड नील आणि वेंडी वुड वगैरे संशोधकांनी सिनेमा बघायला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे आणि काहींना चक्क आठवडाभर जुने, मऊ पडलेले. ज्यांना सिनेमाला गेलं की पॉपकॉर्न खायची सवयच होती त्यांनी शिळे पण ताज्याइतकेच खाल्ले! चव चांगली नाही हे त्यांना कळत होतं तरी हात चालूच. मग तसेच पॉपकॉर्न मीटिंग रूममध्ये दिले तर तिथे मात्र शिळे असले की सवयीचे लोकही कमी खायला लागले. आणखी एक, थिएटरमध्येच पण उलट्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले गेले, कारण हाताची नेहमीची रीत मोडली आणि माणूस जागा झाला. 2011 मध्ये हे छापून आलं. म्हणजे बघ, भूक नाही, चव नाही, खात होती ती जागा. तुझं कॅफे हे तुझं थिएटर आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच की उद्यापासून काहीही सोडू नकोस. खरंच. आठ-दहा दिवस भजी खा, रील्स बघ, फक्त बघत बघत कर. पर्समध्ये एक कागद ठेव आणि प्रत्येक वेळी दोन ओळी लिही: किती वाजले, कुठे होते, सोबत कोण, त्याआधी शेवटचं काय खाल्लं होतं, आणि मनात काय चाललं होतं. मोबाईलमध्ये लिहू नकोस, मोबाईल उघडला की तू कुठे जातेस ते तूच लिहिलंयस. आणि लिहिताना वीजमीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस जसा आकडा लिहून पुढे जातो, रागावत नाही की कौतुक करत नाही, तसं लिही. "आज परत हावरटासारखं खाल्लं" असं लिहिलंस तर तो कागद चार दिवसांत फेकून देशील, कारण आपल्याला शिव्या देणारा कागद कोण जवळ ठेवतं. "6.10, स्टँड, एकटी, 1 वाजता डबा, दुपारी साहेब सगळ्यांसमोर बोलले ते डोक्यात" एवढं बास.

आता ही जी नोंद मी लिहिली ती कल्पनेतली, पण तुझ्या पत्रातूनच सुचली. एक ते सहा पोटात काही नाही. पाच तास! त्याला सवय कशाला म्हणायची, ती अर्धी भूकच आहे, आणि भुकेशी भांडून कोणी जिंकत नाही. साडेचारला ऑफिसमध्येच काहीतरी खा, उकडलेले चणे, मूठभर शेंगदाणे, एखादा पेरू, जे डब्यात टाकणं सोपं ते. हे तर तू नोंदी करायच्या आधीपासूनच सुरू कर, कारण यात सोडायचं काही नाहीये.

पण नोंदी करताना खरी शोधायची गोष्ट वेगळीच आहे. 1973 मध्ये नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी नखं खाणं, डोळे मिचकावणं असल्या सवयींवर एक पद्धत काढली, ती आजही वापरतात. त्यातली पहिली पायरी काय तर सोडणं नाही, पकडणं. नख दाताखाली आलं तेव्हा नाही, तर हात मांडीवरून उठायला लागला त्या क्षणी लक्षात यायला हवं, त्याच्याही आधी जमलं तर अजून चांगलं. आणि सुरुवात पकडायला शिकला की त्या क्षणी हाताला दुसरं काम द्यायचं, मूठ आवळून धरायची वगैरे. सुरुवातीला सवय अगदी कच्ची असते, तोंडापर्यंत पोचली की पक्की.

तर तुझी भजी कुठे सुरू होते? तुला वाटतं स्टँडवर. मला नाही वाटत. बाणस्तारीचा पूल गेला, भोम गेलं, म्हार्दोळ गेलं, बस फर्मागुडीला पोचली आणि आता उतार लागणार, तिथेच कुठेतरी पर्सची चेन उघडून सुटे पैसे हाताला लागतात का बघितले जातात, आज मिरची घेऊ की बटाटवडा असा विचार येऊन जातो, तोंडाला पाणी सुटतं. मी तुझ्या बसमध्ये नाही, त्यामुळे तुझी जागा फर्मागुडी नसेलही, कदाचित पाटोवर कॉम्प्युटर बंद करतानाच "आज काय दिवस गेला, काहीतरी चमचमीत पाहिजे" असं होत असेल. ती जागा तू शोध. ती सापडली ना की तिथे तुझं बरंच काही चालतं. स्टँडवर, तळणीचा वास नाकात, कढई समोर, तिथे उभं राहून नाही म्हणणं अवघड आहे, कोणालाही. फर्मागुडीला बसमध्ये बसल्या बसल्या "आज एक स्टॉप आधी उतरते आणि मागच्या रस्त्याने घरी चालत जाते" हे ठरवणं त्यामानाने खूप सोपं. त्यात तुझं चालणं पण होऊन जातं, सकाळचं राहिलं तरी. पावसात नाही जमणार ते दिवस सोड, नाहीतर बाजारातून छत्रीत एक फेरी मार.

आणि ज्या दिवशी कॅफेत गेलीस त्या दिवशी नीट बसून खा. फोन पर्समध्ये. पहिली मिरची भजी गरम, कुरकुरीत, मस्त लागते, त्यात वाद नाही. तिसरी कशी लागते? चौथी? घशाशी काय होतं, घरी पोचल्यावर पोट कसं असतं? उत्तर अमुकच यायला पाहिजे असं काही नाही, फक्त विचार. येल विद्यापीठात जडसन ब्रूअर यांनी सिगरेट ओढणाऱ्यांबरोबर असंच काम केलं, लक्ष देऊन ओढा, वास, चव, सगळं बघा, आणि तलफ आली की तिच्याशी झगडू नका, ती अंगात कुठे जाणवते ते बघा. 2011 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात या गटाने नेहमीच्या उपचाराच्या गटापेक्षा सिगरेट जास्त सोडली. तलफ वाढत वाढत आपल्याला खाऊन टाकेल असं वाटतं पण ती चढते आणि उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. फोंडा स्टँड ते तुझं घर एवढाच वेळ लागत असेल.

भजीपाव आयुष्यातून हद्दपार कर असं मी अजिबात म्हणत नाहीये हां. गोव्यात राहून ते कशाला. आठवड्यातून एकदा मैत्रिणीबरोबर, ठरवून, गप्पा मारत खा. ते खाणं आणि रोज सहा वाजता एकटीने उभ्या उभ्या पोटात ढकलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुला स्वतःला ते आतून माहीत आहे.

सासूबाईंबरोबरचा चहा सोडू नकोस, तो चहा नसून ती त्यांच्याजवळ बसण्याची वेळ आहे. बिनसाखरेचा घे आणि बिस्किटाचा डबा टेबलावरून कपाटात. बास.

आता रात्रीचा मोबाईल. इथे मला तुझ्याशी जरा सावकाश बोलायचंय, कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस, "दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो." ते परत वाच. सकाळी डबे, मग बस, मग ऑफिस, मग बस, मग सासूबाई, मुलांचा अभ्यास, जेवणं, ओटा. साडेदहाला पहिल्यांदा कोणी तुला हाक मारत नाही. मग तू ते दोन तास धरून ठेवतेस, झोप आली तरी सोडवत नाही, कारण झोपलं की लगेच उद्या सुरू. याला आळस कोण म्हणेल गं? रील्स तुला मजा देतात की नाही मला माहीत नाही, पण त्या तुला एकटेपणा देतात, आणि तो तुला हवाय, हक्काने हवाय. त्यामुळे नुसता फोन काढून घेतलास तर तीन दिवसांनी परत घेशील, कारण जी गरज होती ती तशीच राहिली.

तो वेळ दिवसात वरच्या बाजूला सरकवावा लागेल. म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने काहीतरी करावं लागेल. रात्रीची भांडी-ओटा मिस्टरांकडे आणि मुलांकडे, साडेनऊ ते साडेदहा तुझे, दार लोटून, त्यात रील्स बघ, वाच, गच्चीवर बस, नुसती छताकडे बघत पड. हे मागताना कानकोंडं होऊ नकोस, रिपोर्ट समोर ठेव आणि सांग की डॉक्टरांनी वेळेवर झोपायला सांगितलंय आणि ते या घरात असंच शक्य आहे.

आणि मग एक वाक्य ठरवून ठेव, शब्द पक्के: "साडेदहाचा गजर झाला की मी फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावणार." पीटर गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरीच वर्षं काम केलंय, नुसतं "फोन कमी करीन" म्हणण्यापेक्षा अमुक झालं की तमुक करीन असं जोडून ठेवलं की ते जास्त पाळलं जातं, कारण त्या क्षणी विचार करत बसावं लागत नाही. सकाळच्या गजरासाठी बाजारातून साधं घड्याळ आण, नाहीतर फोन उशाशी ठेवायला कारण मिळतं.

यातलं एक अजून सांगते जे तुझ्या कागदावर बहुतेक आपोआप दिसेलच. रात्री जास्त जागरण झालेल्या दिवसाच्या संध्याकाळी भजी जास्त जाते का बघ. 2004 मध्ये शिकागोच्या संशोधकांनी धडधाकट तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं तर पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन हे हार्मोन कमी झालं, भूक लावणारं घ्रेलिन वाढलं, आणि गोड-खारट-पिठूळ खावंसं वाटणं वाढलं. म्हणजे तुझ्या दोन वाईट सवयी नसून एकच असू शकते, रात्री एकला सुरू होऊन संध्याकाळी सहाला संपणारी. तसं दिसलं तर भजीच्या मागे लागूच नकोस, आधी झोप धर.

"एक दिवस मोडलं की सगळंच सुटतं" हे तुझं एकटीचं नाही. अ‍ॅलन मार्लाट यांनी दारू-सिगरेट सोडणाऱ्यांमध्ये हेच बघितलं होतं, एकदा घसरलं की माणूस "मी असाच" म्हणून स्वतःवर शिक्का मारतो आणि मग पुरताच जातो. नुकसान त्या एका भजीने होत नाही, त्या शिक्क्याने होतं. लंडनला फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांना 12 आठवडे नवीन सवय लावायला सांगून रोजची नोंद घेतली, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतील असं निघालं, कोणाला 18, कोणाला 254 सुद्धा. आणि मधला एखादा दिवस चुकला त्याने फारसा फरक पडला नाही. सगळीकडे 21 दिवस 21 दिवस ऐकतेस ना, ते मुळात मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचं 1960 मधलं निरीक्षण, पेशंटला आपल्या नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात म्हणून. त्याचा तुझ्या भजीशी संबंध नाही. म्हणून सोमवारची वाट बघायची नाही, बुधवारी चुकलं तर गुरुवारी. चुकलेल्या दिवसाची नोंद तर जास्त नीट लिही, त्यात माहिती जास्त असते.

मिस्टरांना हे वाचायला दे. भाऊ, तुम्हाला विनंती आहे, विल पॉवर हा शब्द दोन महिने घरात काढू नका. तुम्ही रागाने म्हणत नसाल, काळजीने म्हणत असाल, पण ऐकणाऱ्याला ते टोचतं आणि टोचलं की माणूस लपून खायला लागतो. त्यापेक्षा रात्री फोन तुम्ही पण हॉलमध्ये लावा. आणि रविवारी संध्याकाळी दोघं मिळून चालायला जा.

दोन गोष्टी मात्र कागदावर सोडून द्यायच्या नाहीत. एक, साधारण तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करायचं, डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मधे खूप तहान, सारखी लघवी, वजन आपोआप उतरणं असं काही वाटलं तर थांबायचं नाही. दुसरं, आठ-दहा दिवसांच्या नोंदींत मनाच्या रकान्यात सारखं उदास, रडू येतं, कशातच रस नाही असंच येत राहिलं, किंवा फोन ठेवूनही झोप लागत नाही असं दिसलं, तर ते सवयीचं प्रकरण नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट आहे, नाहीतर बांबोळीला आयपीएचबी या मानसोपचाराच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये जा, आणि तो कागद बरोबर घेऊन जा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल. आईबद्दल लिहिलंयस ते दुःख अजून ताजं वाटलं मला, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दहा दिवसांनी मला परत लिही. भजी किती कमी झाली ते नको, ती सुरू कुठे होते ते कळव.